खुन्याला मारण्याचा अधिकार कोणाला?

१८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांना हा न्यायाचा पराभव वाटला. तसे वाटणे स्वाभाविकच होते. १९९० ते १९९६ या काळात आई अंजना गावित हिच्या साथीने या दोघी लहान मुले पळवत. गर्दीच्या ठिकाणी चोरी करताना कोणी पकडलेच, तर सुटकेसाठी त्या मुलांचा ढालीसारखा उपयोग होई आणि मूल निरुपयोगी झाले की त्याला संपवले जाई. तेरा मुलांचे अपहरण आणि त्यांपैकी किमान नऊ जणांची हत्या, असे आरोप त्यांच्यावर होते. खटला उभा राहण्यापूर्वीच आई तुरुंगात मरण पावली. मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली.

२०२२ साली उच्च न्यायालयाच्या मनात या गुन्ह्याविषयी तिळमात्र शंका नव्हती. गुन्हा अत्यंत निर्घृण असल्याचे न्यायालयाने स्पष्टपणे नोंदवले. फाशी रद्द झाली ती वेगळ्याच कारणाने. या दोघींच्या दयेच्या अर्जांचा निकाल लागायला सात वर्षे, दहा महिने आणि पंधरा दिवस लागले होते. राष्ट्रपतींनी ते अर्ज जुलै २०१४ मध्ये फेटाळले खरे, पण तोवर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले आणि या दिरंगाईचा ठपका न्यायालयाने प्रामुख्याने राज्याच्या यंत्रणेवर ठेवला. ज्यांच्या हातून निष्पाप मुले मेली, त्यांना शासनाच्या आळसामुळे जीवदान मिळाले. ज्यांची मुले गेली, त्या आईबापांना हे कसे समजावून सांगायचे?

या प्रश्नाला बगल देऊन मृत्युदंडाची चर्चा करता येणार नाही. ‘मानवी हक्क’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे लगेच विचारले जाते, ‘मेलेल्याला मानवी हक्क नव्हते काय?’ हा प्रश्न रास्त आहे. तो टाळणाऱ्यांमुळेच फाशीविरोधी युक्तिवाद लोकांना दिवाणखान्यातला वाटतो. म्हणून आरंभीच मान्य करू या की, काही गुन्हे असे असतात की ते करणाऱ्याने जगण्यावरचा आपला दावा गमावला, असे म्हणणाऱ्याला खोटे ठरवणे कठीण आहे.

दोन वेगळे प्रश्न

‘खुन्याला मारावे का?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. त्या खुन्याची लायकी मरणाचीच आहे काय, हा पहिला. त्याला मारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला, म्हणजे आपल्या नावाने चालणाऱ्या पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या यंत्रणेला आहे काय, हा दुसरा. आपल्याकडील जवळपास सगळा वाद पहिल्या प्रश्नाभोवती फिरतो. मात्र एखाद्याची लायकी मरणाची असली, तरी तेवढ्यावरून दोर ओढणाऱ्याचा अधिकार सिद्ध होत नाही.

पहिल्या प्रश्नाला होकार देणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याचे मत असे होते की, एखाद्या बेटावरील समाजाने विसर्जित होण्याचे ठरवले, तरी जाण्यापूर्वी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला देहदंड दिलाच पाहिजे. नाहीतर त्या रक्ताचा दोष सर्वांच्या माथी राहील. मराठी माणसाला कांटपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ही कथा आपल्याला शाळेपासून माहीत असते. न्यायनिष्ठुरता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रामशास्त्रीच उभे राहतात.

त्याचबरोबर देहदंडावर शंका घेण्याची परंपराही इथलीच आहे, पाश्चात्यांकडून उसनी आणलेली नाही. महाभारताच्या शांतिपर्वात द्युमत्सेन राजा आणि त्याचा मुलगा सत्यवान यांचा संवाद आहे. राजा म्हणतो, दुष्टांना मारले नाही तर धर्म आणि अधर्म यांची सरमिसळ होईल. सत्यवान उत्तर देतो की, एका अपराध्याला मारताना राजा त्याच्या निरपराध बायकोला, आईबापांना आणि मुलांनाही मारत असतो. सावित्रीने यमाच्या दारातून परत आणलेल्या सत्यवानाच्या तोंडी हा युक्तिवाद यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रामशास्त्रींच्या कथेतही एक गोष्ट आपण सहसा विसरतो. त्या निर्णयाचे तेज शिक्षेच्या कठोरपणात नव्हते. ती शिक्षा राज्यातील सर्वांत बलाढ्य माणसाला तोंडावर सांगितली गेली, यात ते होते. आज फाशीच्या कोठडीत कोण असते? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील मृत्युदंडाच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील होते. गरीब अधिक क्रूर असतात, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. चांगला वकील पहिल्या दिवसापासून कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हाच या आकड्याचा सरळ अर्थ आहे.

कायद्याचा प्रवास

ब्रिटिशांच्या काळातील फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खुनाला फाशी हा नियम होता. ती दिली नाही तर का दिली नाही, याची कारणे न्यायाधीशांना लिहावी लागत. १९५५ मध्ये ही अट काढण्यात आली. १९७३ च्या संहितेने तर नियमच उलटा केला. जन्मठेप हा नियम आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ नोंदवणे बंधनकारक. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मृत्युदंड घटनात्मक ठरवला, मात्र तो ‘दुर्मीळातील दुर्मीळ’ प्रकरणांपुरताच असावा असे बंधन घातले. न्या. पी. एन. भगवती यांनी भिन्न मत नोंदवले. कोण फासावर जाईल हे लहरीवर आणि न्यायाधीश कोण आहे यावर अवलंबून राहील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली.

ती भीती खरी ठरलेली होतीच. एकाच गुन्ह्यात सारख्याच दोषी ठरलेल्या तिघांची कहाणी सर्वोच्च न्यायालयासमोर १९८२ मध्ये हरबन्स सिंग खटल्यात आली. त्यांपैकी जिता सिंग याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फाशी झाली. कश्मिरा सिंग याची शिक्षा त्याआधीच दुसऱ्या पीठाने जन्मठेपेत बदलली होती. हरबन्स सिंगची फाशी ऐन वेळी थांबली. गुन्हा एक, भूमिका सारखी. मग फरक कशाचा? कोणाचा अर्ज कोणत्या पीठापुढे गेला, इतकाच.

दुसरे उदाहरण राजस्थानातील रावजीचे. त्याला १९९६ मध्ये फाशी देण्यात आली. तेरा वर्षांनी, २००९ मध्ये, संतोषकुमार बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की, रावजीच्या निकालात बच्चन सिंग निर्णयाने घालून दिलेली कसोटी डावलली गेली होती. शिक्षा ठरवताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराच्या परिस्थितीचाही विचार व्हायला हवा, तो तेथे झालाच नाही. चूक मान्य झाली, पण ऐकायला रावजी नव्हता. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, याच चुकीच्या पायावर मृत्युदंड झालेल्या १३ कैद्यांची शिक्षा बदलण्याची विनंती केली होती. निवृत्त न्यायाधीशांवर अशी वेळ यावी, यातच सर्व काही आले.

नाशिक आणि पुणे

शिक्षेच्या मोजमापातील चूक एक वेळ बाजूला ठेवू. माणूसच चुकीचा निघाला तर? महाराष्ट्रातील एका प्रकरणाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झालेली नाही. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. घरातील स्त्री आणि मुलीवर अत्याचारही झाले. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २००९ मध्ये त्या न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली.

त्यानंतर दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, फेरविचारात याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने सुरुवातीला पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपास झालाच नव्हता, हे न्यायालयाच्या लक्षात आले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचे आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचे आदेश निघाले. सहा जणांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली, त्यांतील बरीचशी फासाच्या सावलीत. यांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मधल्या काळात उघड झाले होते.

या घटनाक्रमातील एक गोष्ट मनात ठसायला हवी. शंका असताना कोणीही त्यांना फाशी दिली नव्हती. तीन पायऱ्यांवरील न्यायालयांना त्यांच्या अपराधाची खात्री पटली होती. २००९ नंतर आपली यंत्रणा तत्पर असती, तर २०१९ चा निकाल सहा मृतांच्या नावे लागला असता. कोल्हापूरच्या प्रकरणात जी दिरंगाई आपल्याला संतापजनक वाटते, तिच्यामुळेच नाशिकचे सहा जण जिवंत राहिले.

पुण्याचे प्रकरण निराळे, पण तितकेच अस्वस्थ करणारे आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुले अशा सात जणांचे खून झाले. शहर हादरले होते. एका आरोपीचे वय कागदोपत्री विशीतले नोंदवले गेले. १९९८ मध्ये त्याला मृत्युदंड झाला आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मार्च २०२३ मध्ये, राजस्थानातील शाळेच्या नोंदी तपासल्यावर, गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि त्याची सुटका केली. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. त्याने अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढली होती. तो निरपराध होता, असे कोणीही म्हटलेले नाही. परंतु साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी देण्याइतपत आपली यंत्रणा आंधळी असू शकते, हे मात्र सिद्ध झाले.

हे अपवाद आहेत, असे म्हणून सुटका नाही. वर उल्लेखलेल्या २०१६ च्या अभ्यासानुसार २००० ते २०१५ या काळात कनिष्ठ न्यायालयांनी मृत्युदंड दिलेल्यांपैकी, ज्यांच्या अपिलांचा निकाल लागला, त्यांतील सुमारे पाच टक्के जणांचीच फाशी कायम राहिली. जवळजवळ तीस टक्के तर चक्क निर्दोष सुटले. एखाद्या रुग्णालयातील शंभर गंभीर निदानांपैकी पाचच बरोबर निघत असतील, तर तेथे शस्त्रक्रिया करून घ्यायला आपण जाऊ काय?

ज्यांच्याविषयी शंकाच नाही

यावर एक वजनदार आक्षेप आहे. नाशिकचे ठीक, पण जेथे अपराध सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ आहे, तेथे काय? जोशी-अभ्यंकर हत्याकांडात १९७६-७७ मध्ये पुण्यातील चार तरुणांनी दहा जणांचे गळे आवळले. जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. मुनव्वर शहाने तर तुरुंगात पुस्तक लिहून अपराधाची कबुली दिली. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील कसाबला सगळ्या जगाने बंदूक घेऊन फिरताना पाहिले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यातच त्याला फाशी झाली, तेव्हा हळहळावे असे काही घडले नाही. न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २६२ व्या अहवालात मृत्युदंड रद्द करण्याची शिफारस करताना दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध हे गुन्हे वगळले होते.

आक्षेप प्रामाणिक आहे. अडचण एवढीच की, ‘नि:संशय दोषी’ अशी वेगळी रांग कायद्याला लावता येत नाही. संशयापलीकडे सिद्ध झाल्याखेरीज मुळात शिक्षाच होत नाही. म्हणजे कागदावर प्रत्येक दोषी नि:संशयच असतो. नाशिकचे सहा जणही होते. कसाबसाठी उभारलेला फासाचा खांब कसाबपुरता राहत नाही. पुढच्या संतापाच्या लाटेत तो कोणासाठी वापरला जाईल, हे त्या त्या वेळचा तपास अधिकारी, वकील आणि पीठ ठरवणार.

धाक आणि खात्री

फाशीचा धाक बसतो, हा आणखी एक समज. १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली, ती सगळ्या पुण्याला ठाऊक होती. तरी अकराच वर्षांनी त्याच शहरात सात जणांचे खून झाले. एका उदाहरणाने सिद्धांत उभा राहत नाही, हे खरे. परंतु अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये कित्येक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेऊन असाच निष्कर्ष काढला की, मृत्युदंडामुळे खून कमी होतात की वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही. जी गोष्ट ठरवता येत नाही, तिच्या भरवशावर माणूस मारणे नीतीत बसत नाही.

फाशी नसेल तर लोक कायदा हातात घेतील, अशीही भीती घातली जाते. नागपुरातील १३ ऑगस्ट २००४ ची घटना या संदर्भात पुन्हा वाचावी. कस्तुरबा नगरातील स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयात ठार मारले. खून आणि बलात्काराचे आरोप असलेला हा माणूस वर्षानुवर्षे वस्तीला छळत होता. तक्रारी होत, तो सुटून येई आणि तक्रार करणाऱ्यांनाच धमकावी. खटल्यातील आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या स्त्रियांचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकात तेव्हा फाशी होतीच की! नव्हता तो पोलिसांवरचा भरवसा. शिक्षा किती कठोर आहे, यापेक्षा ती होणार की नाही, यावर लोकांचा विश्वास टिकतो किंवा तुटतो.

हा भरवसा संपला की गर्दीची जागा पोलिसांची गोळी घेते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. मूळचे विदर्भातील न्या. वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे नोंदवले की, गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला होता. ज्यांचा खटलाच चालला नाही, त्यांना खुनी ठरवले कोणी?

मग पीडितांचे काय?

कोल्हापूरच्या त्या आईबापांकडे परत यायला हवे. त्यांना समाज काय देणे लागतो? पीडितांचे नातेवाईक एकाच आवाजात बोलतात, असे गृहीत धरणेही चूक आहे. महात्मा गांधींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांची फाशी टळावी म्हणून विनंती केली होती. दोघांनाही नोव्हेंबर १९४९ मध्ये अंबाल्याला फाशी झाली. उलट दिल्लीतील २०१२ च्या अत्याचार प्रकरणात मुलीच्या आईने मार्च २०२० मध्ये चौघांना फाशी होईपर्यंत सात वर्षे न्यायालयांचे उंबरे झिजवले. कोणाला क्षमा करावीशी वाटेल, कोणाला नाही. क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार तिऱ्हाइताला नाही. परंतु शिक्षा जर नातेवाइकांच्या मनावर ठरली, तर ज्याच्यामागे रडणारे कोणीच नाही, त्याच्या खुनाची किंमत कमी ठरेल.

राज्याने द्यायचे ते सर्वांना सारखे द्यायला हवे: प्रामाणिक तपास, वेळेत संपणारा खटला, साक्षीदाराला संरक्षण, आणि गुन्हेगार पुन्हा दारात उभा राहणार नाही याची हमी. या हमीसाठी फाशीच लागते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात शिक्षेत सूट न देता आमरण कारावासाचा मार्ग स्वीकारला आणि २०१५ मध्ये घटनापीठाने तो मान्य केला. २००८ च्या कायदादुरुस्तीने पीडितांसाठी भरपाई योजनाही बंधनकारक केली. यांतले पीडितांच्या दारापर्यंत किती पोहोचते, हे विचारण्याऐवजी आपण ‘फाशी द्या’ म्हणतो. सरकारलाही तेच सोयीचे असते. पोलिसांची रिक्त पदे भरण्यापेक्षा कठोर शिक्षेची घोषणा कितीतरी स्वस्त पडते.

३ जून १९४९ रोजी घटना समितीत, फाशीच्या शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा काय यावर चर्चा चालू होती. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, अपिलाच्या तरतुदीपेक्षा मृत्युदंडच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. अहिंसेला नैतिक आदर्श मानणाऱ्या या देशाला तेच शोभेल, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्याची यंत्रणा गरिबांच्या वाट्याला कशी येते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

कोल्हापूरच्या बहिणी मरणाला पात्र होत्या काय, या प्रश्नाला कोणी ‘होय’ असे उत्तर दिले, तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण त्या दोघींची फाईल आठ वर्षे हलवू न शकलेली, नाशिकच्या सहा निरपराधांना वधस्तंभाच्या पायथ्याशी नेणारी आणि बारा वर्षांच्या मुलाला प्रौढ समजणारी यंत्रणा एकच आहे. तिच्या हाती तुरुंगाची किल्ली द्यावीच लागते, कारण चूक लक्षात आल्यावर कुलूप उघडता येते. फासाच्या दोराचे तसे नाही. तो तिच्या हाती ठेवायचा असेल, तर पुढच्या नाशिकची जबाबदारी आपल्या प्रत्येकाची असेल.